दिवा आपला, वाट सर्वांची

आपल्याकडे दिवा लावण्याची जी रीत आहे, तिच्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तुळशीवृंदावनातली पणती, देवळापुढील दीपमाळ, वाटेवरच्या क्रुसापुढे तेवणारी मेणबत्ती, किंवा पूर्वी घरोघर ओसरीच्या आढ्याला टांगून ठेवीत तो कंदील, हे सारे दिवे लावणाराच्या जितके उपयोगी पडतात, त्याहून अधिक ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या उपयोगी पडतात. दिवजोत्सवाच्या रात्री आमच्या गोव्यातील सुवासिनी हातांत दिवजां घेऊन देवळाला प्रदक्षिणा घालतात, तेव्हा त्या उजेडात चालणाराला आणि पाहणाराला सारखाच आनंद होतो. कोकणीत आम्ही उजेडाला 'उजवाड' म्हणतो, आणि उजवाड हा कधी एकट्याचा असत नाही.

मोटारीच्या पुढल्या दिव्याचे मात्र तसे नाही. तो लावायचा स्वतःला दिसावे म्हणून, पण त्याचा उजेड जाऊन पडतो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. 'दीप' हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून 'दिपणे' हे क्रियापदही आले आहे, ही गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. वाट दाखविणे आणि डोळे दिपविणे ही एकाच दिव्याची दोन कामे आहेत. त्यांपैकी पहिले काम अधिकाधिक व्हावे आणि दुसरे कमीत कमी व्हावे, यासाठीच मोटारीच्या दिव्यांचे शास्त्र व त्यांचा कायदा निर्माण झाला. अलीकडे गाडीतला मूळ बल्ब काढून त्या जागी अधिक प्रखर बल्ब बसविण्याची जी लाट आली आहे, तिच्यामुळे हे दोन्ही हेतू धोक्यात आले आहेत, असे माझे मत आहे. ते मी या लेखात कारणांसह मांडणार आहे.

शाळेच्या वार्षिकात मोटारीच्या दिव्यांचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे की, आपल्या शाळेतील बहुतेक विद्यार्थी आज रात्रीच्या रस्त्याचा उपयोग पायी किंवा सायकलीने करतात, आणि अठरा वर्षे पूर्ण होताच त्यांतील पुष्कळसे त्याच रस्त्यावर वाहन चालवू लागतील. ज्याच्या डोळ्यांत उजेड जातो तो आणि जो उजेड पाडतो तो, या दोन्ही भूमिका त्यांच्या वाट्याला येणार आहेत. तेव्हा या विषयाचा विचार त्यांनी नाही करायचा तर कोणी करायचा?

गतवर्षी पावसाळ्याच्या आरंभी माझा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला होता. तो भाड्याची गाडी चालवितो आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी चोर्ला घाटातून बेळगावला जाऊन येतो. त्याने मला विचारले, "सर, गाडीला एलईडी बल्ब घालावे म्हणतो. घाटात धुके असते, खाली उतरलो की रस्त्यावर गुरे बसलेली असतात. कंपनीच्या दिव्यांत धड दिसत नाही. पण कोणी म्हणतात हे कायद्याला धरून नाही, कोणी म्हणतात सगळेच घालतात. तुम्ही काय म्हणता?" त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. तो काही दिमाखासाठी दिवे बदलू पाहत नव्हता. रस्त्यात बसलेले काळे जनावर वेळेवर दिसावे आणि गाडीतली माणसे सुखरूप घरी पोहोचावीत, एवढीच त्याची इच्छा होती. अशा माणसाला "कायद्यात बसत नाही" एवढे सांगून वाटेला लावणे हे शिक्षकाला शोभणारे नाही. कायदा असे का म्हणतो, हेही त्याला सांगितले पाहिजे.

प्रथम दिव्याची रचना पाहू. आपल्याकडील असंख्य गाड्यांत 'एच ४' या नावाचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात. एक दूरच्या झोतासाठी, ६० वॅटची, आणि दुसरी खालच्या झोतासाठी, म्हणजे ज्याला चालक 'डिपर' म्हणतात त्यासाठी, ५५ वॅटची. या दुसऱ्या तारेच्या खाली धातूची एक चिमुकली वाटी बसविलेली असते. वरवर पाहता ती निरुपयोगी वाटते, कारण ती तारेचा निम्मा उजेड अडवून धरते. वस्तुतः साऱ्या सौजन्याचे मूळ त्या वाटीत आहे. तिच्यामुळे तारेचा उजेड परावर्तकाच्या फक्त वरच्या भागावर पडतो, तेथून तो खाली रस्त्यावर वळतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर अंधाराची एक स्पष्ट कड तयार होते. भिंतीसमोर गाडी उभी करून डिपर लावला, तर ही कड कोणालाही पाहता येईल.

त्या कडेचा आकारही विचारपूर्वक ठरविलेला असतो. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहने चालवितो. म्हणून डाव्या कडेचे पादचारी आणि पाट्या दिसाव्यात यासाठी झोत डावीकडे थोडा वर चढतो, आणि उजवीकडे, जिकडून समोरची वाहने येतात तिकडे, तो खाली राहतो. येथे गोमंतकाच्या इतिहासातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पोर्तुगालने १९२८ साली आपल्या देशातील वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, पण शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील रस्त्यांशी जोडलेल्या गोव्यात ती डावीकडेच राहिली. रस्ता शेजाऱ्याशी जुळवून घेतल्यावाचून चालत नाही, हे त्या वेळच्या परकी सत्तेलाही मान्य करावे लागले. उजव्या बाजूने वाहने चालविणाऱ्या देशांसाठी बनविलेला दिवा जर येथे आणून बसविला, तर त्याचा चढता झोत नेमका समोरच्या चालकाच्या डोळ्यांत शिरेल.

या रचनेत बल्ब, परावर्तक आणि काच हे तिघे एकमेकांसाठी घडविलेले असतात. तारेची जागा मिलिमीटरच्या काही दशांशांनी जरी सरकली, तरी झोताचे रूप बदलते. एलईडी बल्बात तार नसते. त्याऐवजी पातळ पट्टीच्या दोन बाजूंना प्रकाश देणारे तुकडे बसविलेले असतात. त्यांचा आकार, त्यांची जागा आणि त्यांच्या प्रकाशाची दिशा मूळ तारेसारखी हुबेहूब असणे फार कठीण. काही उत्पादक तारेची आणि वाटीची नक्कल करण्याचा प्रयत्न करतात आणि त्यांतील काहींना ती बऱ्यापैकी साधतेही. परंतु बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक बल्बांच्या बाबतीत असे घडते की, उजेड भरपूर पडतो, पण तो जेथे पडावयास हवा तेथे पडत नाही. गाडीच्या अगदी पुढ्यातला रस्ता लख्ख उजळतो, चालकाला मोठे समाधान वाटते, आणि दूरचा भाग, जेथे गुरे बसलेली असतात, तो पूर्वीइतकाच किंवा पूर्वीपेक्षाही अंधुक राहतो. कारण पुढ्यातल्या प्रखर उजेडाने चालकाचे स्वतःचे डोळेही दिपलेले असतात. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण ऐकली आहे. येथे दिव्यापुढे अंधार असा प्रकार होतो.

धुक्यात तर प्रखर पांढरा उजेड उलट अपाय करतो. धुके म्हणजे पाण्याचे सूक्ष्म थेंब. वर उसळलेला उजेड त्यांवर आदळून चालकाच्याच डोळ्यांकडे परत येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. घाटात अनुभवी चालक धुके दाटले की दूरचा झोत बंद करून डिपरवर येतात, ते यामुळेच. तेव्हा माझ्या त्या विद्यार्थ्याची अडचण खरी होती, पण तो जे औषध घेऊ पाहत होता ते त्या रोगावरचे नव्हते.

दुसरा मार्ग पुष्कळजण धरतात तो अधिक वॅटच्या हॅलोजन बल्बाचा. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचा बल्ब घालावयाचा. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी येथे आपले विजेचे गणित आठवावे. बारा व्होल्टवर ६० वॅटच्या तारेतून ५ अँपिअर प्रवाह वाहतो, १०० वॅटच्या तारेतून सुमारे ८.३ अँपिअर. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती जवळजवळ पावणेतीन पट होते. मूळ वायरिंग, होल्डर आणि बटण या भारासाठी बनविलेले नसतात. होल्डर वितळणे, परावर्तकाचा चकाकता थर करपणे आणि क्वचित् आग लागणे, हे त्याचे परिणाम. रिले आणि जाड वायर घालून वायरीचा धोका टाळता येतो, पण समोरच्याच्या डोळ्यांना होणारा त्रास त्याने टळत नाही.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने वाहनात परवानगीवाचून फेरफार करण्यास मनाई केली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ स्पष्ट करताना असा निर्णय दिला की, उत्पादकाने वाहनाचे जे मूळ स्वरूप ठरविले आहे त्याच्याशी विसंगत असा बदल मालकाला करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अधिनियमातील १८२-अ हे कलम नव्याने घालण्यात आले आणि बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठरविण्यात आल्या.

यावर काही चतुर मंडळी असा युक्तिवाद करतात की, फेरफार म्हणजे वाहनाच्या रचनेत असा बदल की ज्याने त्याचे मूलभूत स्वरूप पालटते, असे कायदाच सांगतो. मग एक बल्ब बदलल्याने गाडीचे मूलभूत स्वरूप कसे पालटले? नोंदणीच्या पुस्तकात तर बल्बाचा उल्लेखही नसतो. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. ५२ व्या कलमाच्या शब्दांवर वकिलांना वाद घालता येईल. परंतु त्या वादाचा निकाल काहीही लागो, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०६ वा नियम तसाच उभा राहतो. तो बल्ब कोणता, किती वॅटचा, कोणत्या कंपनीचा, हे विचारीतच नाही. त्याचे म्हणणे इतकेच की, पुढील दिव्याचा झोत खाली असा वळविलेला असावा की, दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, अशा कोणाही माणसाला तो दिपवू शकणार नाही.

हा नियम मी विद्यार्थ्यांना वर्गात मुद्दाम वाचून दाखवितो. कायद्याची भाषा रुक्ष असते अशी आपली समजूत आहे. पण या नियमात अंतर आणि उंची सांगून एक माणूसच उभा केला आहे. आठ मीटरवर, अर्धा मीटर बाजूला, दीड मीटर उंचीवर डोळे असलेला हा माणूस कोण? तो समोरच्या गाडीचा चालक असेल, दुचाकीस्वार असेल, देवळातून परतणारी आजी असेल किंवा शिकवणीहून घरी निघालेली आपल्याच शाळेची मुलगी असेल. तिची उंची साधारण तेवढीच असते. कायद्याने तिचे नाव घेतलेले नाही, पण तिच्या डोळ्यांची जागा मात्र मोजून दिली आहे.

याच नियमावलीतील १११ व्या नियमाने वाहनाच्या पुढे शोधदिवा किंवा एकाच जागी झोत टाकणारा दिवा बसविण्यास, नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीने केलेले अपवाद सोडल्यास, बंदी घातली आहे. जीपगाड्यांच्या कपाळावर दिव्यांच्या रांगा बसवून मिरविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दिपण्याचा हा त्रास काही नवा नाही. पूर्वी आपल्याकडे मोटारींच्या दिव्यांच्या काचेचा वरचा भाग काळ्या रंगाने रंगवीत असत. तो उपाय ओबडधोबड होता, पण समोरच्याचा विचार करणारा होता. आज ते काळे पट्टे गेले आणि त्यांबरोबर तो विचारही जाऊ लागला आहे.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप न्यायाचा आहे. नव्या महागड्या गाडीला कारखान्यातूनच एलईडी दिवे येतात, ते कायदेशीर. गरिबाने आपल्या दहा वर्षांच्या जुन्या गाडीत तोच प्रकाश आणला, तर तो गुन्हा. हा कुठला न्याय? वरवर पाहता हा आक्षेप मोठा बिनतोड वाटतो. परंतु मान्यता मिळते ती एलईडीला नव्हे, संपूर्ण दिव्याला. कारखान्यातील एलईडी दिव्याचा परावर्तक किंवा भिंग त्या प्रकाशासाठीच घडविलेले असते आणि त्याचा झोत तपासूनच तो मान्य केलेला असतो. युरोपात १९९१ साली झेनॉनचे दिवे मोटारीत आले. ३५ वॅटमध्ये ३२०० ल्यूमेन देणारा हा प्रकाश हॅलोजनच्या डिपरच्या, म्हणजे सुमारे १००० ल्यूमेनच्या, तिप्पट. तेथील नियमांनी पुढे त्याबरोबर झोताची उंची आपोआप सावरणारी यंत्रणा आणि काच धुणारी पिचकारी यांची अट घातली. शक्ती वाढली की तिच्याबरोबर बंधनही वाढले पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे. आपण बाजारातून आणतो ती शक्ती तेवढी, बंधन मागेच राहते.

तथापि या आक्षेपात सत्याचा एक अंश आहे आणि तो नाकारणे बरे नव्हे. कारखान्यातून आलेले दिवेही सर्वस्वी निर्दोष नसतात. उंच बांध्याच्या मोठ्या गाड्यांचे दिवेही उंचावर असतात. चढावर, खड्ड्यात किंवा मागे ओझे भरल्यावर त्यांचा झोत लहान गाडीच्या चालकाच्या थेट डोळ्यांत जातो. कायदा पाळूनही त्रास देता येतो, हे मान्य केले पाहिजे. पण त्यावरून "मग मीही देतो" असा निष्कर्ष निघत नाही.

दुसरा आक्षेप स्वसंरक्षणाचा आहे. समोरचे सारे प्रखर दिवे घेऊन येतात आणि त्यांच्यापुढे माझे दिवे काजव्यासारखे वाटतात. म्हणून मलाही प्रखर दिवे लावणे भाग आहे. हा युक्तिवाद ऐकला की मला जत्रेतील गर्दी आठवते. पुढच्या रांगेतला एकजण नाटक नीट दिसावे म्हणून उभा राहतो, मग त्याच्या मागचा, मग त्याच्याही मागचा, आणि अखेर सारेजण उभे राहून पूर्वी बसून जेवढे दिसत होते तेवढेच पाहतात. रस्त्यावर मात्र केवळ पाय दुखून भागत नाही. माणसाचे डोळे एकदा दिपले की त्यांना पुन्हा अंधाराला सरावण्यास काही क्षण लागतात, आणि वयाबरोबर हा वेळ वाढत जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. तीन सेकंद दिसेनासे झाले, तर चालक ५० मीटर अंतर आंधळेपणाने कापतो. दोन्ही बाजूंनी प्रखर दिवे आले की मधला पादचारी कोणालाच दिसत नाही. दिव्यांच्या या चढाओढीत ज्याच्याकडे दिवाच नाही, त्याचा बळी जातो.

मग माझ्या त्या विद्यार्थ्याने करावे तरी काय? कायद्याच्या मर्यादेत राहून करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातील बरेचसे फुकटात होते. पहिली गोष्ट काचेची. आजच्या दिव्यांची पुढची काच खरोखरी काच नसते, ती प्लॅस्टिकसारख्या पॉलिकार्बोनेटची असते आणि उन्हाने पिवळी व धुरकट पडते. ती घासून स्वच्छ करून घेतली, तर जुन्याच बल्बाचा उजेड आश्चर्य वाटावे इतका सुधारतो. समोरची मोठी काच आतूनबाहेरून पुसावी, कारण तिच्यावरचा तेलकट थर उजेड पसरवितो. दुसरी गोष्ट झोताच्या नेमाची. सपाट जागी गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. डिपरची कड दिव्यांच्या उंचीहून साधारण १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. ती वर असेल तर समोरच्याला त्रास, फार खाली असेल तर आपल्याला. बऱ्याच गाड्यांत चालकाच्या हाताशी एक लहान चक्र असते. मागे माणसे किंवा ओझे असले की ते फिरवून झोत खाली आणता येतो. कित्येक मालकांना हे चक्र कशाचे आहे हेही ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट विजेची. जुन्या गाडीत सांधे गंजतात, बल्बापर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही आणि उजेड मंदावतो. चांगल्या कारागिराकडून वायरी व सांधे तपासून घेतले की मूळ बल्ब पुन्हा तेजाने जळू लागतो. चौथी गोष्ट, बल्ब बदलावयाचाच असेल तर त्याच प्रकारचा, त्याच वॅटचा आणि मान्यतेची खूण असलेला चांगल्या प्रतीचा बल्ब घ्यावा. यास कायद्याची काहीच हरकत नाही. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदलावे. निळसर छटेच्या मोहात पडू नये. निळा रंग दिसावयास आधुनिक वाटतो, पण ती छटा बल्बाच्या उजेडातूनच वजा झालेली असते.

पाचवी गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत कठीण, ती म्हणजे वेग. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकांनी आणि सावध चालकानेही ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी थांबवावयास सुमारे ७५ मीटर लागतात. ताशी ५० किलोमीटरला तेच अंतर ३७ मीटरांच्या आसपास येते. हॅलोजनच्या डिपरमध्ये काळे जनावर ४०-५० मीटरांच्या पलीकडे क्वचितच ओळखू येते. हिशेब ज्याचा त्याने करावा. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवणे, याहून मोठा दिवा कोणत्याही दुकानात मिळत नाही.

हे झाले व्यक्तीचे कर्तव्य. पण सारा उपदेश चालकालाच करून शासनाला मोकळे सोडणे न्याय्य होणार नाही. भाड्याच्या वाहनांना ठरावीक मुदतीने योग्यतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पहिली १५ वर्षे चालते आणि त्या काळात तिच्या दिव्यांचा झोत कोणी अधिकृतपणे मोजीत नाही. धुराच्या तपासणीसाठी तीच गाडी ठरावीक मुदतीने प्रदूषण केंद्रावर जात असते. तेथेच झोत मोजण्याचे एक साधे यंत्र ठेवले आणि दोन मिनिटांत तो नीट करून दिला, तर कितीतरी अपघात टळतील. ब्रिटनमध्ये हॅलोजनसाठी बनविलेल्या दिव्यात एलईडी किंवा झेनॉन बल्ब घातलेली मोटार २०२१ पासून सक्तीच्या तपासणीत नापास होऊ लागली. आपल्याकडे दंड आहे, पण तपासणी नाही. दंड नशिबावर अवलंबून असतो, तपासणी सर्वांना सारखी असते.

तसेच केवळ "नाही" म्हणून भागणार नाही. जर्मनीत २०२० साली ठरावीक गाड्यांच्या ठरावीक दिव्यांपुरती, झोत तपासून, एलईडी बल्बांना अधिकृत परवानगी मिळाली. असे एक दार आपल्याकडेही उघडावे. कमी वीज खाणारा आणि दीर्घकाळ टिकणारा प्रकाश जुन्या गाडीच्या मालकालाही मिळावा, पण तो मोजून मिळावा. आणि शिक्षा करावयाची तर ती केवळ गिऱ्हाइकालाच का? बंदी असलेल्या उपयोगाचा माल उघड्या दुकानात मांडलेला असतो, कारागीर तो बसवून देतो, आणि रस्त्यावर पकडला जातो तो घेणारा. सुरक्षेच्या दृष्टीने कळीचे म्हणून शासनाने अधिसूचित केलेले सुटे भाग निकृष्ट निघाल्यास विक्रेत्यास प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आहे. दिव्यांच्या बल्बांना तिचा बडगा दाखविला, तर बाजार आपोआप ताळ्यावर येईल.

विद्यार्थिमित्रांनो, यापुढे रात्री रस्त्याने जाताना फिकट रंगाचा एखादा कपडा अंगावर असू द्या, उजव्या कडेने, समोरची वाहने दिसतील अशा बेताने चाला, आणि प्रखर दिवा आला तर त्याच्याकडे न पाहता रस्त्याच्या कडेकडे पाहा. घरी वडिलांची, काकांची किंवा दादाची गाडी असेल तर एखाद्या रविवारी भिंतीसमोर उभी करून तिच्या झोताची कड त्यांना दाखवा. तुम्ही शाळेत शिकलेला प्रकाशाचा धडा घरातील मोठ्या माणसांच्या उपयोगी पडला, तर त्यांनाही कौतुक वाटेल. आणि उद्या तुमच्या स्वतःच्या हाती चक्र येईल तेव्हा मालवाहू गाड्यांच्या पाठीवर रंगविलेले ते परिचित वाक्य आठवा. रात्री डिपर वापरा, असे ते सांगते. मोटार वाहन कायद्याचे सारे पुस्तक वाचण्यास ज्याला सवड नाही, त्याने एवढे एक वाक्य पाळले तरी पुष्कळ झाले. आपल्याला किती दिसते, एवढ्यावरच चालकाची हुशारी ठरत नाही. आठ मीटरवर उभ्या असलेल्या त्या अनोळखी माणसाला आपल्या दिव्याने काय दिसते, हेही तिच्यात मोजले जाते.